लीलाबाई बावडीत उतरली

सौंसरहून रामाकोन्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला रघुनाथरावांचा संत्र्याचा बगीचा होता, आणि बगीच्याच्या मधोमध त्यांच्या जमीनदार आजोबांची, मालगुजारांची, बावडी. मालगुजारी गेली, बावडी राहिली. एका अंगानं दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, बाकी तीन बाजूंनी उभ्या चिरेबंदी भिंती, आणि भर वैशाखातही दोन पुरुष पाणी. संक्रांतीनंतरच्या रविवारी या बावडीवर दरसाल एक जत्रा भरायची. देव नाही, पालखी नाही, तरी माणसं लोटायची, कारण त्या दिवशी टोपवाले यायचे.

टोपवाले हे नाव गावानं ठेवलेलं. नागपूर, जबलपूर, भुसावळ, कुठून कुठून ही मंडळी गोळा व्हायची. घरी बायकापोरं, पदरी नोकऱ्या, सगळं यथास्थित असलेली माणसं. वेड एवढंच, की जुन्या काळच्या पाणबुड्यांचा अवजड पोशाख अंगावर चढवायचा आणि पाण्याच्या तळाशी बूट आपटत चालून यायचं. डोक्यावर तांब्याचा भलामोठा टोप, त्याला जाड काचेच्या खिडक्या. गळ्यापासून पायापर्यंत रबर लावलेल्या कॅनव्हासचा एकच अखंड पोशाख. पायात शिशाच्या तळाचे बूट, छातीपाठीला शिशाची वजनं. काठावर लाकडी पेटीत हवेचा पंप, त्याला दोन्ही बाजूंनी चाकं. दोघांनी ती फिरवत राहायची, म्हणजे रबरी नळीतून हवा टोपात जाते आणि आतला माणूस जिवंत राहतो. आताचे पाणबुडे पाठीवर नळकांडी बांधून माशासारखे सुळकन पोहतात म्हणे. टोपवाल्यांना त्यात काडीचा रस नव्हता. तोंड धुवायला उठावं आणि न्हाऊन यावं, एवढं सोपं काम करायला लांबून सौंसरला कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं.

रघुनाथरावांकडे हा सरंजाम भंगारातून आला. जवळच्या मँगनीजच्या एका खाणीत पाणी भरायचं तेव्हा कोणी गोरा साहेब तो घालून खाली उतरायचा. खाण बंद पडली, सामान भंगारात निघालं, आणि रघुनाथराव घरात नवी आटाचक्की आणायला म्हणून निघाले ते टोप घेऊन आले. घरी काय रामायण झालं असेल ते सांगायला नको.

या सगळ्या खटाटोपात चाकावर असायची लीलाबाई.

लीलाबाई सोमकुवर. पस्तिशीला टेकलेली, उंचीनं बेताची, पण दंड असे की संत्र्याची भरलेली पेटी ती बाप्यासारखी खांद्यावर टाकायची. याच बगीच्यात तोडणीला यायची, हंगामात कापूस वेचायची, आणि नवरा देवीदास सौंसरच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. दोघं मिळून घर चालवायची आणि भांडणंही बरोबरीनं करायची. पहिल्या वर्षी टोपवाल्यांनी पंपावर दोन तगडे गडी लावले होते. पाचव्या मिनिटाला एकाला बिडी आठवली, दुसऱ्याला लघवी. लीलाबाईनं टोपली खाली ठेवली, मैत्रीण शोभाला हाक मारली, आणि दोघी चाकाला भिडल्या. जात्यावर बसून वाढलेल्या बाया त्या. चाक फिरवणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून टोपवाल्यांचा नियम झाला, की चाकावर लीलाबाई असेल तरच उतरू.

रघुनाथरावांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. काहीही होवो, आभाळ कोसळो, चाक थांबवायचं नाही. लीलाबाईनं ती पदराच्या गाठीला बांधली. माश्या चावल्या, पाऊस शिंतडला, एकदा तर समोर बैल सुटून पळाले, चाक थांबलं नाही.

पण चाक फिरवता फिरवता तिची नजर मात्र कायम पाण्यावर असायची. कारण त्या पाण्याखाली तिच्या मायचा गुंड होता.

गुंड म्हणजे पाणी भरायचा तांब्याचा घडा. पुण्यामुंबईच्या लोकांनी भलतंच काही समजू नये. लीलाबाईची माय भागरथाबाई लग्न होऊन आली तेव्हा माहेरून आणलेली तिची हीच काय ती मालमत्ता. त्या काळी बावडीचं पाणी सगळ्या गावाचं, फक्त यांच्या मोहल्ल्याला शिवायची बंदी. या बाया पायऱ्यांच्या वरच्या बाजूला, उंबराखालच्या सपाट दगडावर गुंड ठेवून उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. "थांब, देतो ना," एवढं ऐकायला मिळायचं. भागरथाबाईचं अर्धं तारुण्य त्या दगडावर गेलं.

मग छप्पनच्या दसऱ्याला मोहल्ल्यातली माणसं नागपूरला गेली. भागरथाबाई पांढरं लुगडं नेसून गेली, लहानग्या लीलाला खांद्यावर बसवून. परत आली ती बौद्ध होऊन. दुसऱ्या दिवशी पाण्याला गेली, त्याच दगडावर उभी राहिली, आणि मालगुजारांचा माणूस नेहमीसारखा म्हणाला, "थांब थोडं." भागरथाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भरल्या ताकदीनं गुंड बावडीत भिरकावला.

"आता तूच भर!" म्हणाली, आणि रिकाम्या हातानं घरी आली.

मालगुजारांनी बावडी उपसायला लावली, पण झरे असे जोरात होते की उपसणारे दमले. मग गोमूत्र शिंपडलं आणि ब्राह्मण जेवले. गुंड काही निघाला नाही. मोहल्ल्यानं पुढच्या उन्हाळ्यात आपली विहीर खणली. भागरथाबाईनं पुन्हा त्या बावडीचं तोंड पाहिलं नाही. मात्र कोणी विषय काढला, की मोठ्या तोऱ्यात म्हणायची, "आमचा गुंड अजून बावडीवरच हाय. पाणी भरून राहिला."

आता काळ पालटला होता. बगीच्यात मोटर बसली होती, मजूर सगळे एकाच नळाला तोंड लावायचे. रघुनाथराव आजोबांसारखे नव्हते. त्या गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटायची, आणि लाज वाटणारी माणसं करतात तेच ते करायचे, विषय टाळायचे. दोन वर्षांमागे लीलाबाईनं त्यांना सरळ सांगितलं होतं, "रघुनाथभाऊ, मले एक डाव खाली जाऊ द्या. मायचा गुंड आनाचा हाय." रघुनाथरावांचा चेहरा पडला. म्हणाले, पोशाख बाप्यांच्या मापाचा, बाईमाणूस, काही झालं म्हणजे? त्यापेक्षा मीच कोणाला तरी शोधायला सांगतो. सांगितलंही. टोपवाल्यांनी पायऱ्यांखालचा गाळ चाचपून एक गंजकी बादली, एक कुलूप आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा वर आणला. रघुनाथराव म्हणाले, "नवा गुंड घेऊन देतो ना मी मायले."

"भाऊ, दुसऱ्यानं भरून देलेलं पाणी लय झालं," लीलाबाई म्हणाली. "तो गुंड मीच आनीन."

"बरं, पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले.

आणि यंदा पंच्याऐंशीच्या संक्रांतीला भागरथाबाईनं लेकीच्या हातचा तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, "लीला, माहा एक डोळा त गेला. दुसराई जाऊन राहिला. दिसते तोवर आन ना वं माहा गुंड."

मायनं आजवर लीलाबाईकडे काही मागितलं नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन करू म्हटलं तर म्हातारी सुईलासुद्धा भ्यायची. म्हणजे जे काही करायचं ते याच वर्षी, याच रविवारी. लीलाबाईनं मनाशी ठरवून टाकलं की आता पुढचं वर्ष नाही.

रविवारी सकाळी देवीदासनं शेजाऱ्याची बंडी जुंपली आणि सासूला बावडीवर आणलं. भागरथाबाई इतक्या वर्षांनी तिथं आली ती थेट उंबराखालच्या सपाट दगडावर जाऊन बसली. लोकांनी सतरंजीवर बसा म्हटलं. ती म्हणाली, "मले माहा दगड ठावा हाय."

टोपवाले जमले होते. आल्यागेल्याला संत्री सोलून दिली जात होती, चुलीवर बेसन शिजत होतं, जो तो आपापल्या घरचा पितळी बोल्ट नाही तर जुना बूट दुसऱ्याला कौतुकानं दाखवत होता. पण सगळ्यांचे डोळे फाटले ते टोप पाहून. आदल्या आठवड्यात रघुनाथरावांनी तो नत्थूजी कल्हईवाल्याकडे दिला होता. स्टीलच्या भांड्यांनी नत्थूजीचा धंदा बसवला होता, महिनोन् महिने भाता हलत नव्हता. त्यामुळे हा टोप हातात पडल्यावर म्हाताऱ्यानं जीव ओतला. बाहेरून तांबं असं घासलं होतं की डोळे दिपावेत, आतून कल्हई अशी की तिच्यात पाहून दाढी करावी. नत्थूजी स्वतः धुतलेलं धोतर नेसून, कामाची पेटी न् भाता बरोबर घेऊन आपलं काम पाण्यात उतरताना पाहायला आला होता. रघुनाथराव त्या चकाकीला इतके भुलले की टोप नीट तपासून पाहायचं राहूनच गेलं.

पहिला मान नेहमी पांढुर्ण्याच्या यशवंतरावांचा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा धिप्पाड गृहस्थ. कपाळावर गोटमारीतल्या, म्हणजे त्यांच्या गावच्या दगडफेकीच्या जत्रेतल्या, दगडाची खूण, आणि ती दाखवल्याशिवाय त्यांचं कुठलंच बोलणं पुरं होत नसे. "जाम नदीत झेंड्याखाली उभा राह्यलेला माणूस मी. हे पाणी मले काय करते?" असं म्हणत त्यांनी पोशाख चढवला. टोप बसला, बोल्ट आवळले, समोरची खिडकी बंद झाली. टोपावर थाप पडल्याशिवाय कोणी उतरायचं नाही असा तिथला रिवाज. थाप पडली. लीलाबाई आणि शोभा चाकाला लागल्या. यशवंतराव हत्तीच्या चालीनं पायऱ्या उतरून पाण्यात शिरले आणि टोप बुडाला.

दरवेळी टोप बुडाला की पाण्यावर बुडबुड्यांची रांग उठायची. या खेपेला एकही बुडबुडा नाही.

लोक पाण्याकडे टक लावून पाहतात तोच खालून काहीतरी पांढुरकं, गोल असं वर येऊ लागलं. यशवंतराव! पोशाख तळलेल्या पुरीसारखा टम्म फुगलेला, दोन्ही हात दोन बाजूंना ताठ, पाय फाकलेले, आणि टोपाच्या काचेआड गरगर फिरणारे डोळे. बघता बघता ते बावडीच्या मधोमध तरंगायला लागले. हात खाली करता येईना, पाय जवळ घेता येईना.

"बंद करा! चाक बंद करा!" काठावर एकच कल्ला झाला.

"बंद कराचं नाही!" लीलाबाई ओरडली आणि दुप्पट जोरानं फिरवू लागली. "शोभे, सोडू नको!"

"अवो बाई, थांबव ना! फुटन तो माणूस!"

"थांबवाचं नाही म्हून रघुनाथभाऊनंच सांगतलं ना!"

शेवटी रघुनाथराव धावत आले आणि त्यांनी तिचं मनगटच धरलं. देवीदासनं दोरी ओढून यशवंतरावांना पायऱ्यांशी आणलं, खिडकी फिरवून उघडली. फुस्स करून हवा सुटली आणि आतून टमाट्यासारखं लाल तोंड बाहेर डोकावलं. यशवंतरावांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनतं टेशन आलं?"

आधी सगळे घाबरले होते, आता जो हशा पिकला तो आवरेना. शोभा तर चाकाशीच बसकण मारून पदरात तोंड खुपसून हसत होती.

टोप काढून उलटापालटा केला तेव्हा भानगड उघड झाली. टोपाच्या उजव्या अंगाला वापरलेली हवा बाहेर जायला बारीक भोकांची एक झडप होती. ती नाहीशी झाली होती. त्या जागी भोकं बुजवणारी सफाईदार झाळ, आणि झाळेवर कल्हईचा हात.

"नत्थूजी," रघुनाथराव म्हणाले, "इथं भोकं होते ना?"

"होते ना!" नत्थूजी छाती पुढे काढून म्हणाला. "कोन्या गाढवानं एवढ्या चांगल्या तांब्याले भोकं पाडून ठेवले होते काय मालूम. म्या मस्त बुजवून देले. पाणी भरून पाहा, थेंब गळला त नाव सांगनार नाही."

"अहो, ते हवा बाहेर जायले होते!"

नत्थूजीचं तोंड उतरलं. बिचारा टोपाकडे पाहतच राहिला. "भाऊ, भोक दिसलं का बुजव, हेच शिकवलं माह्या बानं. ठेवाचं बी भोक रायते, हे मले कोनी सांगतलं?"

म्हाताऱ्यानं तिथंच बावडीच्या काठावर निखारे पेटवले, भाता लावला, आणि आपल्याच हातची झाळ उतरवून झडप मोकळी केली. रघुनाथरावांनी टोपाला नळी जोडली, लीलाबाईनं चाक फिरवलं, झडपेवर दिवा धरून पाहिला. हवा फरफर बाहेर येत होती. सगळं जिथल्या तिथं होतं.

"चला, कोण उतरते?" रघुनाथरावांनी विचारलं.

कोणी हलेना. जबलपूरच्या पाहुण्याला आपली सर्दी आठवली. भुसावळकरांना बायकोनं निघताना शपथ घातली होती. नागपूरचे एक वकील आभाळाकडे बघून, ढग येतायत वाटतं, असं म्हणाले. आभाळ पुसलेल्या पाटीसारखं कोरं होतं. यशवंतराव ब्लँकेट गुंडाळून चहा पीत होते आणि कपाळावरची खूण आज कोणाला दाखवत नव्हते.

लीलाबाईनं चाकावरचा हात काढला. "मी जाते."

रघुनाथरावांनी गळा साफ केला. "लीलाबाई, तुमचं मले माहीत आहे. पण आज आधीच असं झालं. आज राहू द्या. पुढच्या वर्षी..."

"रघुनाथ." उंबराखालून भागरथाबाईचा आवाज आला. ओरडून नव्हे, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुहा आजा बी असाच म्हने. वाईट नाही बोले. थांब म्हने. थोडं थांब."

रघुनाथरावांनी म्हातारीकडे पाहिलं, ती बसली होती त्या दगडाकडे पाहिलं. आपण आजोबांसारखे नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी समजूत होती, आणि ती म्हातारीनं एका वाक्यात हलवली होती. मग ते खाली वाकले, शिशाच्या बुटांची जोडी उचलली आणि स्वतः लीलाबाईच्या पायांशी आणून ठेवली.

"घाला," म्हणाले.

मग काय धांदल उडाली! लीलाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट कसला, वर देवीदासचं लोकरी स्वेटर चढवलं. पोशाखात ती अशी हरवली की शोभानं बाह्या आणि पाय दोरीनं बांधून आटोपशीर केले. देवीदास दोरी कोणाच्या हाती द्यायला तयार होईना. "माही बायको हाय, मीच धरीन." एक हिसका म्हणजे ठीक, लागोपाठ हिसके म्हणजे वर ओढा, हे रघुनाथरावांनी त्याला तीनतीनदा सांगितलं. त्याला ते पहिल्यापासून पाठ होतं.

चाकावर एका बाजूनं शोभा होती. दुसऱ्या बाजूला कोण, असा प्रश्न पडायच्या आत रघुनाथरावांनी कोट काढला आणि बाह्या सारल्या. यशवंतरावही ब्लँकेट टाकून त्यांच्या जोडीला आले. शोभाला असा मोका पुन्हा कधी मिळायचा? "असं नाही, भाऊ, कमरेतून जोर लावा! आन बिडी ओढाले सुट्टी नाही!"

"पाणी नाही देलं," भागरथाबाई दगडावरून म्हणाली, "हवा त नीट द्या रे बाप्पा."

टोप डोक्यावर आला. बोल्ट आवळले. खिडकी बंद झाली आणि सगळं जग एकदम मुकं झालं. लोकांची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. आत रबराचा वास, नवसागराचा वास, आणि कानाशी हवेचं सूं सूं. लीलाबाईला पोहता येत नव्हतं. नदीत कधी कमरेच्या वर ती गेली नव्हती. कशाला हा आगाऊपणा केला, असं क्षणभर वाटलंच तिला. तेवढ्यात टोपावर थाप पडली. देवीदासची. चुलीशी उकिडवी बसलेली असताना तो मागून येऊन डोक्यावर हात ठेवायचा, तशीच.

ती पायऱ्या उतरू लागली. बूट असे जड की प्रत्येक पाय उचलून ठेवावा लागत होता. या पायऱ्या तिच्या मायनं कधी उतरल्या नव्हत्या, ना आजीनं. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, छातीला आलं. मग काचेवर चढलं आणि टोपावर मिटलं. आणि काय नवल, सगळं ओझं उतरलं! मघाशी मणभर वाटणारे बूट पोराच्या पायातल्या वाळ्यासारखे हलके झाले. थंडीचे दिवस, पण बावडीचं पाणी आत कोमट होतं. सगळीकडे हिरवा उजेड, जसं नव्या हिरव्या लुगड्याखाली तोंड घातल्यावर दिसतं तसं. टोपातून बुडबुडे निघून वर पळत होते. लीलाबाई हसली. टोपात तिचं हसू तिलाच केवढं तरी मोठं ऐकू आलं, म्हणून ती आणखी हसली.

तळाशी गाळ होता, घोट्याच्या वर येणारा. पाऊल टाकलं की धूर उठल्यासारखा गढूळपणा उठायचा. टोपवाल्यांनी पायऱ्यांखाली शोधलं होतं. पण लीलाबाईनं ती गोष्ट मायच्या मांडीवर शंभरदा ऐकली होती, आणि गोष्टीत दरवेळी एक वाक्य यायचं: समोरच्या भितीले लागला आन टन्न वाजला. तेव्हा लीलाबाई पायऱ्यांशी रेंगाळली नाही. ती सरळ समोर चालत गेली, हात पुढे करून, हाताला दगड लागेपर्यंत. मग भिंतीच्या कडेकडेनं, एकेक पाऊल गाळात घुसवत. एक कासव तिच्या काचेसमोर आलं, टोपात कोण आहे ते पाहिलं आणि निघून गेलं.

एका कोपऱ्यापर्यंत काही नाही. ती वळली, पुन्हा परत. कमरेच्या दोरीला हिसका बसला: ठीक? तिनं हिसका दिला: ठीक. आणखी पुढे. नसला तर? गाळात पार खोल गेला असला तर? मायला काय सांगायचं, हा विचार तिच्या मनात आला आणि पायाला काहीतरी लागलं.

टन्न.

पाण्यात, टोपात, तिला तो आवाज ऐकू आला की पायातून कळला, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. ती खाली वाकली आणि दोन्ही हात गाळात घातले. बोटांना काठ लागला. गोल, बाहेर वळलेला, ओळखीचा. आपल्या घरच्या भांड्याचा काठ बाईच्या बोटांना कळतो. दोरीला हिसका बसत होता, पुन्हा बसत होता, पण दोन्ही हात गुंडाला होते आणि ती ते सोडणार नव्हती.

वर काय झालं ते शोभानं तिला नंतर सांगितलं. उत्तर येईना म्हटल्यावर देवीदास पांढराफटक पडला. रघुनाथराव ओरडले, ओढ! आणि देवीदास ओढणार तोच भागरथाबाई म्हणाली, "जावई, दम धरा. बाई पाण्याले गेली का टाइम लागतेच." तेवढ्यात खालून एक हिसका आला. देवीदासनं लगेच उलट हिसका दिला.

खाली लीलाबाईनं गुंड उपटून काढला, गाळ ओतला, खळखळून विसळला, एकदा नव्हे, तीनचारदा. मग तो डाव्या कमरेवर घेतला, रोज घ्यायची तसाच, आणि पायऱ्यांकडे निघाली.

काठावरच्या लोकांना आधी बुडबुडे दिसले, मग पाण्यातून वर येणारा तांब्याचा टोप दिसला, उन्हात झगमगणारा. मग खांदे. आणि मग कमरेवर हिरवटकाळा गुंड, काठोकाठ भरलेला. अशी आरोळी उठली की उंबरावरचे पक्षी उडाले. यशवंतराव नाचायला लागले, रघुनाथराव हसत होते की रडत होते कळत नव्हतं, आणि शोभा दोघांवर ओरडत होती, "चाक! चाक थांबवू नका!"

पाण्याबाहेर आल्यावर सगळं वजन परत अंगावर आलं. देवीदासनं गुडघाभर पाण्यात शिरून छातीपाठीची शिशाची वजनं सोडवली. तो गुंड घ्यायला गेला तर लीलाबाईनं दिला नाही. खिडकी उघडली तेव्हा आतून घामानं डबडबलेलं, दात दाखवणारं तिचं तोंड दिसलं.

नत्थूजी पुढे आला. भांडं दिसल्यावर त्याला राहवणार थोडंच होतं? त्यानं वाकून गुंडाच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि थबकला. "ही झाळ माह्या बाची हाय," तो म्हणाला. "पाहा. अजून थेंब गळत नाही." त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांना परत परत तेच दाखवत सुटला.

लीलाबाई जड पावलं टाकत उंबराखाली आली. भागरथाबाई दगडावरून उठली नाही. तिनं चांगला डोळा बारीक करून पाहिलं, मग हात पुढे करून गुंड चाचपला: काठ, गळा, पोट. भिंतीला आपटल्याची चेप तिच्या बोटांना लागली, तशी तिची बोटं तिथंच थांबली. आजूबाजूला सगळे उभे होते. मालगुजारांचा नातू, वकील, गार्ड, सगळे.

म्हातारीनं ओंजळीत पाणी घेतलं, प्यायली, आणि लेकीकडे पाहून रागावल्यासारखी म्हणाली, "एवढा टाइम लावतेत काय वं, पोरी, पाणी भराले?"

मग ती दगडावरून उठली आणि गुंड लेकीच्या कमरेवरून आपल्या कमरेवर घेतला.